कागद आणि अंक : मध्ययुगातील व्यापारी वाटांवरचे दोन प्रवासी

इ.स. १२०० च्या सुमारास चीनमध्ये कागद वापरात येऊन हजार वर्षे उलटून गेली होती. बगदाद, कैरो आणि फेज इथल्या बाजारांत तो रोजचा माल झाला होता, तर युरोपच्या बहुतेक भागात पुस्तके अजून जनावरांच्या कातड्यावर लिहिली जात होती. त्याच सुमारास भारतातून निघालेली दशमान अंकलेखनाची पद्धत दमास्कसपासून मोरोक्कोपर्यंत पोचली होती. इटलीतले सराफ मात्र रोमन अंकांत रकमा मांडत आणि बेरीज-वजाबाकीसाठी मोजपाटावर सोंगट्या सरकवत. कागद चीनमधून निघाला, अंक भारतातून. दोघांचीही गाठ बगदादमध्ये पडली आणि तिथून पुढची वाट त्यांनी बरोबरच चालली.

साधारण ५०० ते १५०० या हजार वर्षांचा इतिहास बहुधा राजघराणी, स्वाऱ्या आणि धर्मयुद्धे यांच्या क्रमाने सांगितला जातो. एखाद्या वस्तूचा किंवा पद्धतीचा माग काढत गेले, की त्याच काळातली दुसरी माणसे दिसू लागतात. तांड्यांबरोबर जाणारे सोग्दी व्यापारी, एडनचे अडते, मंगळूरचे गुमास्ते, चिंध्या कुटणारे कारागीर आणि जकातनाक्यावर हिशेब शिकणारी मुले या इतिहासात राजांइतकीच महत्त्वाची ठरतात. शिवाय असा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययाला येते. नवा शोध एखाद्या देशात पोचला, म्हणजे तो तिथे रुजला असे होत नाही. त्याच्यासाठी तिथे काम असावे लागते आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसे असावी लागतात.

चिंध्यांचा लगदा

चिनी परंपरेनुसार हान दरबारातला अधिकारी त्साय लुन याने इ.स. १०५ मध्ये सम्राटाला कागद सादर केला. झाडाची साल, तागासारखे वाख, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी यांपासून तो बनवला होता. कान्सू प्रांतातल्या उत्खननांत त्याआधीच्या दोन-तीनशे वर्षांतले कागदाचे तुकडे सापडले आहेत. त्यामुळे त्साय लुन हा कागदाचा पहिला कर्ता ठरत नाही. टाकाऊ मालापासून स्वस्तात लिहिण्याजोगा कागद करण्याची रीत दरबाराच्या मान्यतेने पक्की झाली, ती त्याच्या काळात. तोवर चीनमध्ये लिहायला बांबूच्या पट्ट्या आणि रेशीम वापरत. पट्ट्या जड होत्या आणि रेशीम महाग होते.

कागदामागची युक्ती साधी आहे. वनस्पतीचा तंतू भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा. तो भरपूर पाण्यात ढवळायचा आणि बारीक जाळीच्या साच्यावर उचलून घ्यायचा. पाणी निथळले की एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा पातळ थर उरतो. तो वाळवला की कागद तयार. या कामाला विशिष्ट झाड लागत नाही. चीनमध्ये तुती आणि बांबू होते. पश्चिमेच्या कोरड्या मुलुखात ते नव्हते, तेव्हा तिथे जुन्या कपड्यांच्या चिंध्यांवर काम भागले. पपायरस नाईलकाठच्या एका लव्हाळ्यापासून होई आणि चर्मपत्रासाठी जनावरांचे कळप लागत. कागदाला फक्त पाणी आणि रद्दी पुरे असे. त्याच्या एवढ्या लांबच्या प्रवासाचे अर्धे रहस्य यातच आहे.

पहिल्या टप्प्यावर कागद वाहून नेणारे लोक सोग्दी होते. समरकंद आणि बुखारा ही त्यांची गावे, आणि चीनपासून इराणपर्यंतचा खुष्कीचा व्यापार कित्येक शतके त्यांच्याच हातात होता. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांना चीनच्या पश्चिम सीमेवर, तुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी पत्रांचा एक गठ्ठा सापडला. ती पत्रे साधारण इ.स. ३१३ च्या सुमाराची आहेत आणि कागदावर लिहिलेली आहेत. एक पत्र समरकंदला पाठवायचे होते. लुओयांग शहर जळाले, सम्राट पळाला आणि लोक उपासमारीने गेले, अशी बातमी त्यात आहे. त्याच पत्रात कस्तुरीच्या मालाचा आणि एका पोरक्या मुलासाठी गुंतवायच्या पैशाचाही उल्लेख येतो. दुसऱ्या पत्रांतून मिउनाय नावाची बाई बोलते. नवऱ्याने तिला मुलीसह तुनहुआंगमध्ये सोडून दिले आहे, हाती पैसा नाही, तांड्याबरोबर घरी परतायला कोणी मदत करत नाही. तिने नवऱ्याला लिहिलेले शब्द सतराशे वर्षांनंतरही चटका देतात. ही पत्रे पोचलीच नाहीत, टपालाच्या पिशवीतच राहून गेली. पण कागद त्या काळीच पोथीपुरता उरला नव्हता, संसाराच्या आणि धंद्याच्या कामाला लागला होता, याचा याहून जिवंत पुरावा मिळणे कठीण.

तुनहुआंगच्या लेण्यांतली एक खोली अकराव्या शतकाच्या आरंभी भिंत घालून बंद केली गेली आणि १९०० मध्ये पुन्हा उघडली. तिच्यात हजारो हस्तलिखिते होती. बौद्ध सूत्रे सर्वांत जास्त, आणि त्यांच्याबरोबर कर्जरोखे, याद्या, करारही. इ.स. ८६८ मध्ये लाकडी ठशांनी छापलेले वज्रसूत्र तिथेच मिळाले. बौद्ध भिक्षू आणि व्यापारी एकाच वाटेने, पुष्कळदा एकाच तांड्यातून जात. सूत्रांच्या नकला करणे पुण्याचे मानले जाई, त्यामुळे कागदाचा खप जिथे विहार होते तिथे वाढत गेला.

तलासची कथा

कागद मुस्लिम जगात कसा आला याची एक कथा सगळ्या पुस्तकांत सापडते. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अब्बासी सैन्याने तांग सैन्याचा पराभव केला, चिनी कैद्यांत कागद बनवणारे कारागीर होते आणि त्यांनी समरकंदला ही कला शिकवली, असे अकराव्या शतकातला लेखक सआलिबी सांगतो. कथा सोयीची आहे, कारण तिच्यात एक वर्ष आहे, एक लढाई आहे आणि एक निकाल आहे. पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही. समरकंदच्या पूर्वेला डोंगरात, मुग गडावर, पंजिकंदचा राजा दिवाश्तिच याची कागदपत्रे सापडली. तो ७२२ मध्ये अरबांच्या हाती लागला, म्हणजे तलासच्या कितीतरी आधी. त्या दप्तरात कातडे आणि काठ्या यांच्याबरोबर कागदही आहे. तलासच्या लढाईत पकडला गेलेला तू हुआन हा चिनी गृहस्थ पुढे समुद्रमार्गे ७६२ मध्ये मायदेशी परतला. त्याच्या वृत्तान्ताचे उरलेले अंश सांगतात, की अरबांच्या मुलुखात आपले विणकर आणि चित्रकार त्याला भेटले. कागद करणाऱ्यांचा त्यात उल्लेख नाही.

तेव्हा कागद पश्चिमेकडे आला तो व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या सामानातून, हळूहळू, असे मानणेच अधिक योग्य. लढाईने झाले ते इतकेच, की या कारागिरीचा सगळा मुलूख अब्बासी सत्तेला जोडला गेला.

बगदादची गाठ

खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवले. सिंधपासून ट्युनिसपर्यंतचा महसूल तिथे लिहिला जाऊ लागला आणि एवढ्या लिखाणाला चर्मपत्र पुरेना. हारून रशीदच्या काळात, ७९४-९५ च्या सुमारास, बगदादमध्ये कागदाचा कारखाना निघाला. त्याचे श्रेय बर्मकी वजिरांना दिले जाते. हे घराणे मूळचे बल्खचे. तिथल्या नवविहार या बौद्ध मठाचे प्रमुखपण त्यांच्या पूर्वजांकडे होते. मध्य आशियातून आलेल्या या कुटुंबाला कागदाची ओळख आधीपासून असणार, हे उघड आहे.

कचेऱ्यांनी कागद स्वीकारला त्यामागे स्वस्ताईखेरीज आणखी एक कारण सांगितले जाते. चर्मपत्रावरची शाई खरवडून दुसरा आकडा लिहिता येतो. कागदात शाई मुरते. खरवडली तर पान फाटते किंवा डाग राहतो. सरकारी हिशेबात हेराफेरी करणाऱ्यांना कागद गैरसोयीचा होता, म्हणून सरकारला सोयीचा. नवव्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा याकूबी बगदादमध्ये कागद आणि पुस्तके विकणारी शंभराहून अधिक दुकाने असल्याचे सांगतो. हे दुकानदार नुसते विक्रेते नव्हते. नकला करणे, बांधणी, दुरुस्ती, ग्रंथांची देवघेव हे सगळे त्यांच्याकडे चाले. त्यांच्यापैकीच एक असलेल्या इब्न नदीमने ९८७-८८ मध्ये अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची मोठी सूची केली. ग्रीक, सिरियाक, पहलवी आणि संस्कृत ग्रंथांचे जे भाषांतर या शहरात झाले, ते स्वस्त कागदाशिवाय त्या प्रमाणात झालेच नसते.

भारतीय गणित इथे आले ते याच ओघात. नऊ चिन्हे आणि स्थानमूल्य यांची कीर्ती त्याआधीच पश्चिमेला पोचली होती. फरात नदीकाठच्या मठातला सिरियन विद्वान सेव्हेरस सेबोख्त याने ६६२ मध्येच भारतीयांच्या नऊ चिन्हांच्या गणनेची वाखाणणी केली होती. भारतात आर्यभटाचा ग्रंथ ४९९ चा. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये भिनमाळ इथे शून्याशी करायच्या क्रियांचे नियम घालून दिले. आग्नेय आशियातही ही पद्धत लवकर गेली: कंबोडियातल्या सांबोर इथल्या शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, हे वर्ष मधल्या शून्यासाठी टिंब देऊन कोरले आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह वाचता येतात. मंदिराला दिलेल्या बागेची मोजमापे आणि रोजच्या माळांची संख्या असा तो अगदी व्यवहारातला मजकूर आहे.

मन्सूरच्या दरबारात ७७० च्या दशकाच्या आरंभी सिंधकडून आलेल्या शिष्टमंडळाबरोबर एक भारतीय ज्योतिषी आला आणि त्याने आणलेल्या सिद्धान्तग्रंथाचे अरबीत रूपांतर झाले. सुमारे ८२५ मध्ये बगदादचा गणितज्ञ ख्वारिझ्मी याने भारतीय हिशेबपद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचा अरबी मूळ पाठ हरवला. पुढे लॅटिनमध्ये झालेल्या भाषांतरांतून ते उरले.

विद्वानांनी उचललेली पद्धत बाजाराने लगेच उचलली, असे मात्र झाले नाही. दहाव्या शतकात बगदादचा थोर गणिती अबुल वफा याने कारकून आणि व्यापारी यांच्यासाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले आणि त्यात भारतीय अंक मुळीच वापरले नाहीत. संख्या शब्दांत, आकडेमोड मनात आणि बोटांवर. त्याच्या वाचकांना तीच सवयीची होती. दुसरीकडे बुखाऱ्यात, त्याच शतकाच्या अखेरीस, इब्न सीनाच्या वडिलांनी मुलाला भारतीय हिशेब शिकायला एका भाजीवाल्याकडे पाठवले, असे इब्न सीना स्वतःच्या चरित्रात सांगतो. बगदादचा गणिती जी पद्धत कारकुनांना देत नव्हता, ती बुखाऱ्याच्या मंडईत रोजच्या वापरात होती. पद्धती अशाच ठिगळाठिगळाने पसरतात.

या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना दमास्कसमध्ये ९५२-५३ मध्ये घडली, आणि तिचा उल्लेख सामान्य इतिहासांत क्वचितच येतो. भारतीय हिशेब मुळात धूळपाटीवर होई. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे, एक पायरी झाली की आधीचे आकडे पुसून त्या जागी नवे मांडायचे. गुणाकार असा पुसत-पुसत पुढे सरके. उत्तर राही, वाट नाहीशी होई. उक्लीदिसी नावाच्या गणितज्ञाने या रीती बदलल्या आणि शाई-कागदावर, काही न पुसता, हिशेब कसा मांडायचा हे दाखवले. कागदावर केलेली आकडेमोड पायरी-पायरीने तपासता येते, दुसऱ्याकडे पाठवता येते, दहा वर्षांनी पुन्हा काढून पाहता येते. दशांश अपूर्णांकांचा वापरही त्याच्या पुस्तकात आढळतो. चिनी कागद आणि भारतीय अंक इथे प्रथम एकमेकांसाठी घडवले गेले. शाळकरी मुले आज वहीत हातचा लिहून जो गुणाकार करतात, त्याच्या मागे हा बदल आहे.

एडनहून मलबारला आलेला कागद

फुस्तात, म्हणजे जुने कैरो, इथल्या बेन एझ्रा या ज्यू प्रार्थनामंदिरात देवाचे नाव असू शकेल असा कोणताही लिहिलेला कागद नष्ट करायचा नाही, अशी रीत होती. जुनी कागदपत्रे एका बंद खोलीत टाकली जात. ती खोली गनिझा. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी तिचा मोठा भाग केंब्रिजला नेला आणि पुढे एस. डी. गोइटाइन यांनी त्यातल्या व्यापारी पत्रांवर आयुष्य वेचले. हिब्रू लिपीतल्या अरबी भाषेत लिहिलेल्या या पत्रांतून अकराव्या-बाराव्या शतकातला हिंदी महासागर उलगडतो. मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने एडनहून सुटणारी गलबते, मिरी, सुपारी, लोखंड, बुडालेला माल, थकलेली बाकी, आणि बंदरांच्या नावांत कोकणातले ठाणेही.

ट्युनिशियातल्या महदियाचा अब्राहम बेन यिजू साधारण ११३२ ते ११४९ या काळात मंगळूरच्या परिसरात राहिला. तिथे त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनचे व्यापारी त्याला मोडकी भांडी पाठवत आणि नवी घडवून मागत. अशू नावाच्या स्त्रीला दास्यमुक्त करून त्याने संसार थाटला. बोम्मा नावाचा गुमास्ता त्याच्या वतीने एडनला जाई. एडनहून त्याला भेटीदाखल जे जिन्नस येत, त्यांत साखर आणि मनुकांबरोबर कागदही असे. कारण मलबारच्या बाजारात कागद मिळत नव्हता. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागांत आणि पाठीवर बेन यिजूने आपले हिशेब आणि टिपणे लिहून ठेवली आहेत. चीनमध्ये जन्मलेला कागद असा पश्चिमेला वळसा घालून, इजिप्तहून जहाजाने, भारताच्या किनाऱ्यावर येत होता.

भारतात कागद एवढा उशिरा का रुजला, या प्रश्नाचे उत्तर इथल्या लेखनसाहित्यात आहे. अल बेरुनीने १०३० च्या सुमारास नोंदवले, की दक्षिणेत ताडाच्या पानांवर लिहितात आणि उत्तरेत भूर्जाच्या सालीवर. दोन्ही जवळच मिळत, आणि टिकाऊ दस्तासाठी तांबे होतेच. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६, चा ताम्रपट या दृष्टीने फार बोलका आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार तेव्हा एक अरब पाहत होता. ताम्रपटात त्याचे मधुमती हे संस्कृत रूप येते, आणि ते मुहम्मद असावे असे अभ्यासक मानतात. त्याने नद्या ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि त्याच्याच काळात एका मठिकेला जमीन दान झाली. बगदादमध्ये कागदाच्या दुकानांची रांग लागली होती त्या काळात, अरब अधिकाऱ्याच्या कारभारातला हा दस्त संस्कृतात आणि तांब्यावर झाला. माणसे समुद्र ओलांडून आली, पण त्यांनी इथल्या दस्ताची रीतच चालू ठेवली.

पुढे दिल्लीच्या सुलतानांबरोबर फारसी दप्तराची पद्धत आली आणि कागदाला भारतात काम मिळाले. चिनी नौसेनापती चेंग ह याच्या आरमाराबरोबर आलेल्या मा हुआनने पंधराव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये झाडाच्या सालीपासून होणारा, हरणाच्या कातड्यासारखा गुळगुळीत पांढरा कागद नोंदवला आहे. दख्खनमध्ये खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी नेली त्या घटनेशी जोडली जाते. दौलताबादी आणि जुन्नरी कागद पुढे मराठी राज्याच्या दप्तरांत चालला. हात न उचलता लिहायची मोडी या कागदावर बोरूने झरझर चाले. ताडपत्रावर लोखंडी कंट्याने कोरताना ती गती साधली नसती. कालिकतच्या व्यापाऱ्यांबद्दल त्याच मा हुआनने लिहिले आहे, की ते मोजपाट वापरत नाहीत, हातापायांच्या वीस बोटांवर हिशेब करतात आणि चुकत नाहीत. अंक ज्या देशातून जगभर गेले, तिथल्या एका गजबजलेल्या बंदराने स्वतःच्या कामापुरती बोटेच पसंत केली होती.

जिथे रुजले नाही

अंक चीनलाही गेले होते. तांग दरबारात भारतीय ज्योतिष्यांची घराणी नोकरीला होती. त्यांच्यापैकी गौतम सिद्ध याने ७१८ मध्ये भारतीय पंचांगपद्धत चिनी भाषेत आणली आणि शून्यासाठी टिंब असलेली अंकपद्धतही समजावून दिली. चिनी गणितज्ञांनी ती बाजूला ठेवली. त्यांच्याकडे मोजकाड्या होत्या आणि त्याही दशमान, स्थानमूल्याच्याच तत्त्वावर चालत. रिकामे घर सोडले की शून्याचे काम भागे. गरज आधीच पुरी झालेली होती.

उलट दिशेचे उदाहरण तब्रीझचे. चीनच्या सिचुआन प्रांतात लोखंडी नाण्यांचे ओझे वाहण्यापेक्षा व्यापारी नाणी पेढीवर ठेवून पावत्या वापरू लागले, आणि १०२४ मध्ये सरकारने त्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातात घेतल्या. जगातले पहिले सरकारी कागदी चलन ते. मंगोल राजवटीत कुबलाईने ते सक्तीचे केले आणि मार्को पोलोला त्याचे मोठे नवल वाटले. इराणचा मंगोल राजा गैखातू याची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १२९४ मध्ये त्याने चीनच्या धर्तीवर ठशांनी छापलेल्या नोटा तब्रीझमध्ये काढल्या. त्यांवर चिनी अक्षरेही होती आणि कलमाही. बाजार ओस पडला, धान्य मिळेना, आणि सुमारे दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. कागद तब्रीझमध्ये होता, छपाईची कला आली होती, चीनमधल्या अनुभवाची माहितीही होती. सिचुआनमध्ये चिठ्ठीमागे व्यापाऱ्यांनी स्वतः निर्माण केलेली पत होती; तब्रीझमध्ये तिच्यामागे फक्त रिकामा खजिना होता.

इटलीची पेढी

उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दा मठात ९७६ मध्ये लिहिलेल्या हस्तलिखितात भारतीय अंक युरोपात प्रथम दिसतात. नऊ आहेत, शून्य नाही. पुढे पोप झालेल्या जर्बेरने हे अंक मोजपाटाच्या सोंगट्यांवर घातले. तेवढ्यावर दोनशे वर्षे गेली, कारण मठांना मोठे हिशेब नव्हते.

ते होते पिसा, जिनोव्हा, व्हेनिस आणि फ्लॉरेन्सला. पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने, पुढे गणितज्ञ म्हणून गाजलेल्या लिओनार्डोचे वडील अल्जीरियातल्या बुजाया बंदराच्या जकातघरात काम करत. मुलगा तिथे भारतीय अंक शिकला आणि मग इजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली, प्रोव्हान्स इथे हिंडून त्याने तिथल्या पद्धती पाहिल्या. १२०२ मध्ये त्याचे मोठे पुस्तक तयार झाले. सशांच्या वाढीचे त्यातले उदाहरण आज प्रसिद्ध आहे, पण पुस्तकाचा बराचसा भाग मालाच्या किमती, अदलाबदल, भागीदारीची वाटणी आणि नाण्यांतल्या धातूचे प्रमाण यांनी भरलेला आहे. तो व्यापाऱ्याच्या मुलाने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला ग्रंथ होता.

विरोधही झाला. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ च्या नियमांत हिशेबवह्यांत अंक वापरायला मनाई केली. रक्कम अक्षरी लिहायची. भीती रास्त होती. शून्याला शेपटी जोडली की सहा किंवा नऊ होतो. धनादेशावर आजही रक्कम अक्षरी लिहावी लागते, ती याच काळजीपोटी. मनाई फार काळ टिकली नाही. जिओव्हानी व्हिल्लानीच्या वृत्तान्तानुसार १३३८ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये हजार ते बाराशे मुले हिशेबाच्या सहा शाळांत शिकत होती.

कागदालाही युरोपात आधी अविश्वासच भेटला. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ मध्ये सार्वजनिक दस्तांसाठी कागद वापरायला बंदी घातली, कारण तो टिकत नाही. स्पेनमधल्या शातिव्हाचा कागद बाराव्या शतकात भूगोलकार इद्रीसीने वाखाणला होता, पण युरोपचे चित्र बदलले ते तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावात. तिथे पाणचक्कीवर चालणाऱ्या घणांनी चिंध्या कुटल्या जाऊ लागल्या. अरबी कागदाला पिठाची खळ असे, ती बोरूला चांगली पण बुरशी धरणारी. फाब्रियानोच्या कारागिरांनी तिच्याऐवजी कातड्याचा सरस लावला. पक्ष्याच्या पिसाच्या टोकदार लेखणीला असा कडक कागद मानवतो. साच्यात तारेचा आकार बसवून पानात कारखान्याची खूण उमटवण्याची युक्तीही इथलीच, १२८२ च्या सुमाराची. माल स्वस्त आणि टिकाऊ झाला आणि चौदाव्या शतकात वारा फिरला. इटलीचा कागद उत्तर आफ्रिकेत आणि इजिप्तमध्ये जाऊन विकला जाऊ लागला. १४०९ मध्ये त्लेम्सेनचा धर्मशास्त्री इब्न मर्झूक याला, क्रुसाची खूण असलेल्या ख्रिस्ती लोकांच्या कागदावर लिहावे का, या प्रश्नावर निर्णय द्यावा लागला. त्याने परवानगी दिली. पाचशे वर्षांपूर्वी ज्या प्रदेशांनी कागद पश्चिमेला दिला, तिथल्या कारखान्यांना आता पश्चिमेचाच माल जड जात होता.

या दोन प्रवाशांनी मिळून व्यापाराचे रूप कसे बदलले, ते प्रातो गावच्या फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याच्या दप्तरात दिसते. तो १४१० मध्ये वारला. त्याच्या मागे सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक वह्या उरल्या. आव्हिन्यों, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, पिसा इथल्या पेढ्यांशी तो सतत पत्रव्यवहार करत असे. घरी बसून दूरच्या गुमास्त्याचा हिशेब तपासणे, कीर्द आणि खतावणीचा मेळ घालणे, हुंडीवर पैसा फिरवणे हे स्वस्त कागदाशिवाय आणि झटपट बेरीज करता येणाऱ्या अंकांशिवाय अशक्य होते. पूर्वीचा व्यापारी मालाबरोबर जाई. दातिनी बहुतेक वेळ मेजाशी बसून असे.

छपाईला लागणारी जमीन याच काळात तयार झाली. १३९० मध्ये उल्मान श्ट्रोमरने न्यूरेंबर्गला कागदाची गिरणी काढली. चीनमध्ये पी शेंगने १०४० च्या दशकात मातीचे सुटे खिळे केले होते आणि कोरियात धातूच्या खिळ्यांनी छापलेला १३७७ चा ग्रंथ आजही आहे. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबलच्या साधारण १८० प्रती काढल्या. त्यांतल्या तीन-चतुर्थांश कागदावर होत्या. चर्मपत्रावरच्या एका प्रतीला सुमारे १७० वासरांची कातडी लागे. तेवढ्यावर अवलंबून राहिले असते, तर छापखान्याचा धंदा उभाच राहिला नसता.

डिसेंबर १४७८ मध्ये व्हेनिसजवळच्या त्रेविसो गावात अंकगणिताचे एक पुस्तक छापून निघाले. छापलेले ते युरोपातले पहिले अंकगणित मानले जाते. लेखकाचे नाव त्यावर नाही. भाषा लॅटिन नाही, तिथल्या बाजाराची आहे, आणि धंद्यात पडू पाहणाऱ्या मुलांसाठी ते लिहिले आहे. आरंभी अंक कसे लिहायचे ते शिकवले आहे, मग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, आणि त्यानंतर भागीदारी, मालाची अदलाबदल, धातूंची मिसळ यांवरची उदाहरणे. त्यांतली पुष्कळशी सोडवली आहेत त्रैराशिकाने, ज्याचा नियम आर्यभटाने ४९९ मध्ये दिला होता.